घर आणि बिऱ्हाड



या मंडपात काल एका पंडितांनी उपनिषदांवर व्याख्यान दिले आणि उद्या एक शास्त्रज्ञ नक्षत्रांविषयी बोलणार आहेत. त्या दोघांच्या मध्ये आमच्यासारख्या निवृत्त कारकुनाची संध्याकाळ चालकांनी का घातली असेल, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. पंगतीत दोन पक्वान्नांच्या मध्ये ताकाची वाटी ठेवतात, तसाच काही हेतू असावा. ताक आंबट निघाले तर दोष वाढणाऱ्यांचा, एवढे आधीच सांगून ठेवतो.

विषय विचारायला चालक मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा ‘मुंबई सोडताना’ असे आम्ही म्हणालो. त्यांतील एक तरुण गृहस्थ हसून म्हणाले, “सोडलीत म्हणजे सुटलात की काका! त्यावर तासभर काय बोलणार?” त्यांनी सहज म्हटले, पण आम्हांला त्या रात्री झोप आली नाही. कारण आपण खरोखर सुटलो की काय, आणि सुटलो असलो तर कशातून, हेच आम्हांला आजवर उलगडलेले नाही.

झाले ते असे. २०१८ सालच्या मे महिन्यात आम्ही परळची आमची चाळीतली खोली सोडली आणि येथे चिपळुणास राहावयास आलो. तीन महिन्यांचे तान्हे मूल म्हणून त्या खोलीत आम्ही गेलो होतो, ते त्रेसष्टाव्या वर्षी बाहेर पडलो. सामान टेंपोत चढले, किल्ली नव्या मालकाच्या हाती दिली, शेजाऱ्यांनी नारळ दिला. आमच्या कुटुंबाचे डोळे भरून आले होते. आमचे मात्र कोरडेच. पनवेलला चहा प्यायला उतरलो तेव्हा मनात पाहिले, तर दुःख नव्हते आणि आनंदही नव्हता. धर्मशाळेतली खोली सोडताना काही विसरले तर नाही ना, एवढी चिंता माणसाला असते, तेवढीच काय ती होती. आणि मग लाज वाटली. ज्या शहराने आम्हांला तीन पिढ्या अन्न घातले, आमची मुले शिकविली, आमचे पेन्शन बांधून दिले, त्याचा निरोप घेताना डोळ्यांत टिपूस नसावा, याला काय म्हणावे? हा कृतघ्नपणा, की ते शहर आमचे घर कधी झालेच नव्हते? आणि झाले नव्हते, तर दोष कोणाचा, शहराचा की आमचा? आजचे व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचा हिशेब आहे. हिशेब करणे हाच आमचा जन्माचा धंदा, म्हणून तो आम्ही जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी मांडणार आहोत.

प्रथम शब्दांपासून आरंभ करू. आपल्या मराठीत राहण्याच्या जागेला निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ एकच नाही. ‘घर’ निराळे, ‘बिऱ्हाड’ निराळे आणि ‘खोली’ त्याहून निराळी. घर बांधतात; बिऱ्हाड थाटतात आणि हलवितात. घराला परसू असते, तुळस असते, भाऊबंदांशी भांडण असते. बिऱ्हाडाला भाडे असते. आमचे वडील १९४६ साली श्रावणानंतर गोवळकोटच्या धक्क्यावरून लाँचने दाभोळला आणि तेथून आगबोटीने मुंबईस गेले. तेव्हापासून पुढली छत्तीस वर्षे ते गिरणीच्या साचेखात्यात होते. या छत्तीस वर्षांत परळच्या जागेला ‘घर’ म्हटलेले आम्ही त्यांच्या तोंडून एकदाही ऐकले नाही. पाळी सुटली की ते ‘खोलीवर’ येत. ‘घरी’ जात ते शिमग्याला, गणपतीला आणि मेमध्ये कौले शाकारायला. आमच्या आईने खोलीतल्या चुलीवर आणि नंतर स्टोव्हवर पंचवीस-तीस वर्षे भाकऱ्या थापल्या, पण ती घर म्हणे ते तिवरीच्या झाडाखालच्या चौपाखी घरालाच.

आणि आमची गोष्ट तरी काय निराळी! कचेरीच्या प्रत्येक छापील अर्जावर दोन रकाने असत. एक ‘सध्याचा पत्ता’ आणि दुसरा ‘कायमचा पत्ता’. पहिल्यात आम्ही परळची चाळ लिहीत असू आणि दुसऱ्यात आमचे गाव. पस्तीस वर्षे आम्ही असेच लिहिले. ‘कायमच्या’ पत्त्यावर वर्षाकाठी पंधरा दिवस राहिलो आणि ‘सध्याच्या’ पत्त्यावर त्रेसष्ट वर्षे. त्यात काही विसंगत आहे असे आमच्या ध्यानातही आले नाही. शेजारच्या टेबलावरचे साताऱ्याचे सहकारीही तसेच लिहीत.

हे केवळ आमच्या घराण्याचे वेड असते तर तुमचा वेळ घेतला नसता. परंतु हा सबंध शहराचा इतिहास आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी चालू झाली. तेव्हापासून त्या शहराला माणसे हवी होती. ती घाटावरून आली आणि आपल्या या कोकणातून तर आगबोटी भरभरून आली. येथली जमीन डोंगरउताराची, भाताची खाचरे हातरुमालाएवढी, आणि त्यांवर खोताचा हक्क. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मांडले, पण खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. तोवर भात पिकवायचे आणि त्यातले मोठे माप खोताला घालायचे हाच क्रम होता. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याने आपले तरणे पुरुष मुंबईला दिले आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर घरच्या चुली पेटत्या ठेवल्या.

१९२१ च्या शिरगणतीत मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिक जण मुंबईबाहेर जन्मलेले होते, आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेपाचशेसुद्धा नव्हत्या. हे आकडे जरा डोळ्यांपुढे आणा. ज्या शहरात दर दोन पुरुषांमागे जेमतेम एक बाई, तेथे अर्ध्या पुरुषांची बायकामुले दुसरीकडे कोठेतरी आहेत हे उघड आहे. म्हणजे तेथे माणूस राहत असे, त्याचे घर राहत नसे. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानेही १९३१ च्या आपल्या अहवालात हेच नोंदविले. व्हिटले आयोग म्हणून तो प्रसिद्ध आहे. कामगार शहराकडे ओढला जात नाही, तो गावातून ढकलला जातो, असा त्याचा अभिप्राय होता. आणि गावाशी असलेला हा धागा तोडू नये, उलट तो जपावा, असेही त्याने सुचविले. आमच्या वडिलांनी तो अहवाल वाचला नव्हता, परंतु त्याबरहुकूम वागले मात्र ते जन्मभर!

मुंबईतली पहिली सात वर्षे ते गावमंडळाच्या खोलीत राहिले. अशा खोल्या लालबाग-परळला गल्लोगल्ली होत्या. एका गावच्या वीस-पंचवीस जणांनी मिळून एक खोली घ्यायची, माणशी भाडे वाटून घ्यायचे. ज्याची त्याची एक पत्र्याची पेटी भिंतीशी आणि एक वळकटी खुंटीवर. रात्रपाळीवाला सकाळी येई तेव्हा दिवसपाळीवाला उठून गेलेला असे, आणि त्याच्याच जागेवर हा अंग टाकी. जमीन कधी गार होत नसे. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांचे ‘कूड’ धोबीतलावच्या बाजूला असत, त्यांतही हीच रीत. प्रत्येक गावाचा कूड निराळा आणि संध्याकाळी सर्वांची मिळून प्रार्थना. जेवायला खाणावळ. त्या खाणावळी चालविणाऱ्या बायाही आपल्याच मुलखातल्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तोवर त्यांच्या कष्टांची दखल घ्यावी असे फारसे कोणाला सुचले नव्हते.

आणि नोकरी तरी कशी? वडील पहिली काही वर्षे ‘बदली’ होते. सकाळी भोंग्याला गिरणीच्या दारात उभे राहायचे, कायमचा कोणी गैरहजर असला तर आत जायचे, नसला तर खोलीवर परत. आज काम आहे की नाही हे ज्याला रोज दाराशी जाऊन विचारावे लागते, त्याने त्या शहराला घर म्हणावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? घर म्हणजे जेथे रोज दार वाजवून ‘आत येऊ का?’ असे विचारावे लागत नाही ती जागा.

येथवर आमची बाजू झाली. शहराने आम्हांला पाहुण्यासारखे नव्हे, बदल्यासारखे वागविले, म्हणून ते आमचे झाले नाही. हे खरे आहे, आणि त्याचा पुरावा इतिहासात पुन्हा पुन्हा सापडतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग निघाला आणि काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गावोगाव परतली. १९२८ साली गिरणीकामगारांचा संप सहा महिने चालला, तो चालला कशाच्या बळावर? बरेचसे कामगार गावी जाऊन शेतात राबले, म्हणून. आजारपण, संप, बेकारी, म्हातारपण यांतल्या कशाचीच तरतूद शहराने केली नव्हती. तो सर्व विमा गावच्या खाचरावर उतरविलेला होता. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी झाली आणि मुंबईहून उत्तरेकडे निघालेली माणसे कसारा घाट पायी चढू लागली, ती चित्रे आपण सर्वांनी पाहिली. लोक हळहळून विचारीत होते, “ही माणसे का निघाली?” आम्हांला ते विचारावे लागले नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्याच आज्या-पणज्यांनी तेच केले होते.

आता १९८२ सालाकडे येतो. त्या वर्षी १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. फेब्रुवारीत वडिलांनी पेटी भरली. आमचा थोरला मुलगा तेव्हा वर्षाचा होता, म्हणून आई आमच्याजवळ मागे राहिली. वडील म्हणाले, “पंधरा दिवसांत मिटेल. शाकारणी उरकून येतो.” वळकटी नेली नाही, माळ्यावर टाकून गेले. तो संप कोणी मागे घेतल्याचे कधी जाहीर झाले नाही; तो आपोआप विरला, आणि त्याच्याबरोबर गिरण्याही. वडील परत आले नाहीत. १९९४ साली गावीच गेले. वर्षभराने आईही गावी राहायला गेली होती, पण जाताना तिने बजावले होते, “वळकटीला हात लावू नका. ते आले की लागेल.” त्यांच्या पश्चातही ती काढायचा धीर आम्हांला झाला नाही. छत्तीस वर्षे ती माळ्यावर राहिली. एवढ्या जागेची चणचण असलेल्या खोलीत, मुलांचे अभ्यासाचे पाट ठेवायला जागा नसताना!

खोली सोडताना आम्ही ती उतरविली आणि सोडली. आत एक खाकी अर्धी चड्डी, एक घोंगडी आणि रबराने बांधलेला पावत्यांचा जुडगा निघाला. आम्ही कारकून पडलो. सामान खाली टेंपोत चढत होते आणि आम्ही पायरीवर बसून पावत्या लावीत होतो. पुष्कळशा गावच्या होत्या: देवळाची वर्गणी, शाळेच्या कौलांची वर्गणी, विहिरीचा गाळ काढण्याची वर्गणी. काही युनियनच्या वर्गणीच्या होत्या. आणि दोन होत्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या वर्गणीच्या. एकीच्या पाठीवर वडिलांनी पेन्सिलीने तारीख घातली होती, २१ नोव्हेंबर १९५५.

ती तारीख वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पुढे जानेवारीत परळ-लालबागच्या रस्त्यांवर रक्त सांडले. मुंबई महाराष्ट्राची व्हावी म्हणून शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत गिरणीकामगार पुष्कळ होते. मोर्चाला गेल्याचे वडील कधी बोलले नव्हते. त्या पावतीने आमच्या हिशेबाची सगळी बेरीज चुकविली. जी माणसे मुंबईला ‘खोली’ म्हणत होती, तीच मुंबईसाठी गोळ्यांपुढे उभी राहिली. म्हणजे घर वाटत नव्हते, पण हक्क मात्र वाटत होता. बिऱ्हाडकरूने भिंतीसाठी जीव द्यावा, हे कसे?

या पावतीवर आम्ही फार विचार केला. आमची समजूत अशी झाली की आम्ही दोन गोष्टींची गल्लत करीत होतो. शहर घर वाटत नाही म्हणजे शहरावर आपले काही देणे-घेणे नाही, असे आम्ही, म्हणजे वडिलांनंतरच्या पिढीने, सोयीस्करपणे ठरवून टाकले होते. वडिलांना ते घर वाटत नव्हते हे खरे, परंतु युनियनची वर्गणी ते देत, मोर्चाला जात, चाळीतल्या भजनात पखवाज धरीत. आमच्या नावावर अशी एकही पावती नव्हती. आम्ही पगार आणला, पाण्याची बादली भरली, गणपतीला गावी गेलो. चाळीच्या कमिटीची बैठक असली की आम्हांला कचेरीचे काम निघत असे.

येथे नावेच्या बाजूची एक रक्कम सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती सांगायला संकोच वाटतो. २००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपण वाचले असेल. आम्ही त्या दिवशी कचेरीच्या कामासाठी घाटकोपरला गेलो होतो. गाड्या बंद पडल्या, तेव्हा रुळांच्या कडेने चालत निघालो. कुर्ल्यापाशी मिठी नदी रस्त्यावर आली होती. पाणी छातीला लागले आणि अंधार पडला. कोणीतरी वरून दोर सोडून ओढून घेतले. ते एका मुसलमान कुटुंबाचे दोन खोल्यांचे घर होते, आणि आमच्यासारखे आठ-नऊ जण तेथे आधीच बसलेले होते. म्हाताऱ्या बाईने कोरडी लुंगी दिली, चहा दिला, रात्री खिचडी दिली. घरच्या मुलांनी आपली जागा आम्हांला दिली आणि ती रात्रभर जिन्यात बसून राहिली. पहाटे पाणी ओसरले तसे आम्ही निघालो. लुंगी तेथेच वाळत टाकली, हात जोडले आणि आलो.

पुन्हा कधी गेलो नाही. परळहून कुर्ला चार स्टेशनांच्या अंतरावर. पुढे तेरा वर्षे आम्ही मुंबईत होतो. त्या बाईचे नावही आम्ही विचारले नाही. गावात कोणी ताकाचा तांब्या दिला तर तो रिकामा परत करू नये, ही आमच्या आईची शिकवण. गावात असे घडते तर दुसऱ्या दिवशी नारळ-साखर घेऊन सबंध घरदार गेले असते आणि पुढे दोन पिढ्या ते नाते राहिले असते. पण ते गावात, हे मुंबईत. मुंबईतल्या उपकाराची परतफेड करायची नसते, असे जणू आम्ही मानीत होतो. त्या रात्री शहराने आपले दार पुरते उघडले होते. एका रात्रीचा मुक्काम करून निघून आलो ते आम्ही. तेव्हा ‘हे शहर कधी आमचे झाले नाही’ असे म्हणताना आता आमची जीभ अडखळते.

अर्थात शहराचे देणे एवढ्याने फिटत नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा काही भाग मोकळी मैदाने आणि गरिबांची घरे यांना देऊ केला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा फारच आकसला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. सुमारे सहाशे एकर जमिनीचा तो प्रश्न होता. जेथे भोंगा होई तेथे आज काचेचे मनोरे आणि बाजार उभे आहेत. गिरणीकामगारांसाठी घरांची मोठी सोडत निघाली ती २०१२ साली, संप सुरू झाल्यावर तीस वर्षांनी. तोवर कित्येक अर्जदारांचे वारसच अर्जावर सही करायला उरले होते. आमच्या वडिलांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. तेव्हा बिऱ्हाडकरूनेच सगळा दोष आपल्या शिरावर घ्यावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच की हिशेबाला दोन बाजू आहेत, आणि आम्ही त्रेसष्ट वर्षे एकच वाचीत होतो.

आता चिपळूणकरांविषयी चार शब्द, रागावू नका. मुंबई सोडली म्हणजे ‘घरी’ आलो, अशी आमची कल्पना होती. गावच्या घरात पाच चुलतभावांचे वाटे. तेव्हा म्हटले, गावाजवळ तालुक्याला राहू. गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावरची जागा घेतली. पहिल्या दिवशी वाणी म्हणाला, “मुंबईकर, पिशवी आणलीत का?” तेव्हापासून आम्ही ‘मुंबईकर’! परळला आम्हांला सारे ‘कोकणी’ म्हणत. त्रेसष्टाव्या वर्षी मुंबई सोडली तेव्हा कोठे आम्ही मुंबईकर झालो. गावी गणपतीला गेलो तर चुलतभावाने प्रेमानेच विचारले, “परत कधी जाणार?” कोठे परत जाणार, ते त्यालाही माहीत नव्हते आणि आम्हांलाही. जन्मभर ज्याला ‘कायमचा पत्ता’ लिहिले, तेथे आमची आठवण पाहुण्याची होती.

असे तीन वर्षे चालले. मग २०२१ ची २२ जुलै आली. त्या पहाटेविषयी तुम्हांला आम्ही काय सांगावे! या मंडपात असे एकही कुटुंब नसेल ज्याचे त्या दिवशी काही वाहून गेले नाही. आमच्या जागेत पाणी छतापाशी पोचले. वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी आम्हां दोघांना जिन्यातून वर ओढून घेतले. पाणी उतरल्यावर घरात मांडीएवढा चिखल. समोरच्या इमारतीचा नेपाळी रखवालदार फावडे घेऊन आला आणि आमचे लोखंडी कपाट त्याने एकट्याने उचलून बाहेर काढले. दुपारी रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी गृहस्थाने विचारले, “तुमच्या घरात किती आलं होतं?” आम्ही हात वर करून दाखविला आणि म्हणालो, “आमच्या घरात इथवर.” बोलून गेल्यावर ध्यानात आले की ‘घर’ हा शब्द आपण आपल्या राहत्या जागेला आयुष्यात प्रथमच वापरला. तोही ती जागा चिखलाने भरलेली असताना!

या वेळी आम्ही एक गोष्ट केली. कपाट काढणाऱ्या त्या रखवालदाराचे नाव विचारले. पाच-सहा दिवसांनी चूल पेटल्यावर त्याला जेवायला बोलाविले, तो बायको आणि दोन मुलांना घेऊन आला. बोलता बोलता तो आपल्या राहण्याच्या जागेला ‘डेरा’ म्हणाला. आम्ही विचारले, “डेरा म्हणजे?” तो म्हणाला, “भाड्याची जागा. घर तिकडे, पहाडात. इथे डेरा.” आमच्या कुटुंबाने आमच्याकडे पाहिले. वडिलांचा शब्द दुसऱ्या भाषेतून आमच्या पानावर येऊन बसला होता. त्याला येथे अकरा वर्षे झाली होती. धाकटी मुलगी तर चिपळुणातच जन्मलेली. पण कायमचा पत्ता म्हणून तो काय लिहीत असेल, हे त्याला विचारायचे धाडस आम्हांला झाले नाही.

मित्रहो, एके काळी आपला जिल्हा माणसे पाठविणारा होता. आज तो माणसे बोलावणाराही झाला आहे. आंब्याच्या बागा राखायला नेपाळची माणसे येतात, लोट्याच्या कारखान्यांत उत्तरेची येतात, बांधकामावर कर्नाटकातली येतात. आपल्या आज्यांनी मुंबईत जे केले तेच ती येथे करीत आहेत: वीस जणांत एक खोली, खुंटीवर वळकटी, महिन्याला घरी पैसे. गावचा सण आला की तीही निघून जातात, आणि मग आपण म्हणतो, “यांना इथली माया नाही.” हे वाक्य मुंबईकरांनी आपल्याविषयी शंभर वर्षे म्हटले, आणि ते ऐकताना आपल्याला किती लागत असे!

त्यांनी चिपळूणला घर म्हणावे असा आग्रह आम्ही धरणार नाही. तो शब्द कोणाच्या तोंडी घालता येत नाही. आमच्या तोंडी तो यायला महापूर यावा लागला. परंतु काही गोष्टी आपल्या हाती आहेत. त्यांच्या मुलांची नावे शाळेत घातली आहेत की नाही ते पाहणे, घरभाड्याची पावती देणे, वाडीच्या बैठकीला त्यांनाही बोलाविणे, आणि त्यांनी केलेला उपकार रिकाम्या तांब्यासारखा परत न धाडणे. आणि जे येथे बिऱ्हाड करून आहेत त्यांना आमचे एवढेच सांगणे: घर वाटो वा न वाटो, वर्गणीची पावती फाडा. कोणाचे नाव विचारायचे राहून गेले असेल तर आजच जाऊन विचारा. आम्हांला वाटत होते, कधीतरी सवडीने कुर्ल्याला जाऊ.

गेल्या वर्षी आम्ही गेलो. दोन दिवस फिरलो. नदीकाठची ती वस्ती हलविली गेली आहे. त्या घराची माणसे कोठे गेली ते कोणालाही सांगता आले नाही. नारळ आणि साखर आम्ही तशीच परत आणली. परतीच्या गाडीत, पनवेल मागे पडल्यावर, आमच्या डोळ्यांना पाणी आले. तेव्हा कळले की मुंबई आम्ही सोडली ती खरी त्या दिवशी. चालकांच्या त्या तरुण मित्राला आमचे उत्तर एवढेच: नाही हो, सुटलो नाही.

महापुरात आमचे रेशनकार्ड गेले होते. नवे करून घेताना अर्जावर ते दोन रकाने पुन्हा समोर आले. सवयीने लेखणी गावाच्या नावाकडे वळली. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या कुटुंबाने वाकून पाहिले आणि म्हणाली, “दोन्हीकडे इथलाच लिहा.” आम्ही लिहिला.